तेरा सालची बाटली

पोळ्याच्या करीला सावली गावात दोन गोष्टी हमखास होतात. घरोघरी मटण शिजतं, आणि दुपारनंतर पुरुषमाणसं दिसेनाशी होतात. दारूबंदी समितीने दादाजी बोरकुट्यांचा ऐंशीचा सत्कार मुद्दाम त्याच दिवशी चार वाजता ठेवला होता. समाजमंदिरात कोंडलेला माणूस निदान सहापर्यंत तरी शुद्धीत राहील, असं समितीच्या बायांचं म्हणणं होतं. शाल, श्रीफळ आणि भाषणं एवढ्यासाठीच ठेवली होती.

त्या सत्काराला पाच तास उरलेले असताना सत्कारमूर्तीच्या घरात जेवणाच्या टेबलावर दारूची बाटली उभी होती. तीही फ्रान्सची.

त्यांचा थोरला मुलगा हेमराज टेबलाभोवती फिरत होता. जिल्ह्यात बंदी आली, सहा वर्षं राहिली आणि उठली, त्यालाही आता चारेक वर्षं झाली होती. घरात बाटली असणं हा काही गुन्हा नव्हता. पण ती बंदी यावी म्हणून जो म्हातारा नागपूरपर्यंत पायी चालत गेला होता, तो पलीकडच्या खोलीत धोतराला इस्त्री होण्याची वाट पाहत पडला होता.

"पुनम, उचल हे पह्यले," हेमराज दबक्या आवाजात म्हणाला. "पत्रू गुरुजी येऊन राह्यले. टॉवेल तरी टाक त्याच्यावर."

"झाकाचीच असती तर आनली काऊन असती, बाबा?" पुनम म्हणाली. "पासपोर्ट द्या. मी आताच्या आता बाटली उचलते."

पुनम चोवीस वर्षांची. तीन वर्षं नाशिकच्या एका वाइनरीत होती, आणि तीन वर्षं हेमराज सगळ्या सावलीला सांगत आला होता की पोरगी 'फूड प्रोसेसिंग'मध्ये आहे. आता तिला फ्रान्समधल्या बोर्दोला वर्षभराच्या शिक्षणासाठी जागा मिळाली होती, आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिथे हजर व्हायचं होतं. निरोप घ्यायला म्हणून ती पोळ्याला घरी आली. हेमराजने "पाहू तं कसा राह्यते" म्हणून तिचा पासपोर्ट हातात घेतला, लोखंडी कपाटात ठेवला आणि कपाटाची चावी करदोड्याला बांधली. पोरीला अडवण्याचा एवढा सोपा उपाय सापडल्याचं त्याला स्वतःलाच कौतुक वाटत होतं.

पत्रू गुरुजी आले ते दारातूनच बोलत आले. ते सूत्रसंचालक होते आणि त्यांना कुटुंबाच्या परिचयाची चिठ्ठी हवी होती. हेमराज बाटलीच्या पुढे उभा राहिला. उभ्या उभ्याच त्याने कागदावर लिहिलं: मुलगा हेमराज, राईस मिल. मुलगा देवाजी, समाजसेवा. नात कु. पुनम, फूड प्रोसेसिंग.

"ही चिठ्ठी मी तिथीच देतो तुमाले, गुरुजी. आनखी दोन नावं राह्यली," तो म्हणाला. गुरुजींनी त्याच्या खांद्यावरून मान वाकडी करून पाहिलं, काही न दिसल्याचं दाखवलं आणि ते निघून गेले. शिक्षकाला हे बरं जमतं.

"आता आईक," हेमराज पोरीला म्हणाला. "मी एकटा काही ठरवत नाई. देवाजी येऊन राह्यला, पोचूमामा आले हायेत. मोठी मानसं म्हनतीन तसं."

ही मोठी माणसं कोण, ते इथे सांगून टाकलेलं बरं. बंदीच्या सहा वर्षांत देवाजी रोज संध्याकाळी मोसंबीच्या ज्यूसची बाटली घेऊन भजनाला बसत असे, आणि त्याच्यासारखी तल्लीनता कोणालाच लागत नसे. पोचूमामा म्हणजे दादाजींचे मेहुणे. ते वैनगंगेपलीकडचे, आरमोरीकडचे. त्यांच्या जिल्ह्यात तीस वर्षांहून अधिक काळ दारूबंदी आहे, त्यामुळे मोहाच्या दारूत त्यांच्याइतका जाणकार माणूस दोन जिल्ह्यांत नव्हता. आणि हेमराजचं काय, ते त्याच्या बायकोला, ज्योत्स्नाला, ठाऊक होतं.

*

ज्योत्स्ना स्वयंपाकघरात मसाला वाटत होती. मागच्या पडवीत बियाण्याच्या धानाची बांबूची ढोली होती. रोवणी आटोपली की ती ढोली रिकामी होते आणि कापणीपर्यंत कोणी तिच्यात डोकावत नाही. हेमराजची बाटली तिथे राहत असे. पावसाळ्याचे चार महिने हेमराजला शेतीबद्दल जी ओढ वाटायची, तिचं कारण ज्योत्स्नाला पहिल्याच वर्षी कळलं होतं. ती काही बोलली नाही. सकाळी पेल्याचा वास घासून काढायचा आणि सासऱ्याला चहा द्यायचा, यात तिची पंचवीस वर्षं गेली होती.

पुनम बाटली घेऊन आत आली. तिने पिशवीतून स्क्रू काढला, बूच अलगद ओढलं, आणि बाटली तिरकी धरून स्टीलच्या जगमध्ये हळूहळू ओतायला लागली. शेवटची चार बोटं तिने बाटलीतच ठेवली.

"हे काऊन ठेवलं?"

"खाली गाळ हाये, आई. जुनी राह्यली की बसते. तो घ्याचा नसते."

"किती जुनी?"

"तेरा सालची. माह्या मॅडमनं देली, जाताना. तुमच्या घरच्यायले पाजून पाय, म्हने."

ज्योत्स्नाने जगमध्ये पाहिलं. रंग जांभळाच्या सरबतासारखा, कडेला थोडा विटकरी. पोरगी या रंगाकडे ज्या नजरेने पाहत होती, त्या नजरेने या घरात कोणी कशाकडे पाहिलेलं ज्योत्स्नाला आठवत नव्हतं. तिला आनंद झाला, पण तेवढ्यात बाहेर देवाजीचा आवाज आला.

पुनम पेले आणायला वळली. ज्योत्स्नाने बाटली उचलली. इतक्या लांबून आलेली वस्तू, चार बोटं फेकून कशी द्यायची? तिने चहाची गाळणी जगावर धरली आणि उरलेलं सगळं गाळून ओतलं. जाड गाळ गाळणीत राहिला, बारीक खाली गेला, आणि गाळणीला सकाळच्या चहाचं आलं लागलेलं होतं तेही गेलं.

पुनमने मागे वळून पाहिलं. तिने गाळणी आईच्या हातातून काढून घेतली, पण बाटली रिकामी झाली होती.

"वाया काऊन जाऊ द्याचं?" ज्योत्स्ना म्हणाली.

*

देवाजी आला तो पुनमच्या बाजूने. भाऊ ज्या बाजूला असेल त्याच्या पलीकडची बाजू त्याला न्यायाची वाटत असे, आणि मिलची वाटणी झाल्यापासून तर जास्तच. "पोरगी शिकून राह्यली, दादा. जग कुठी चाललं, तू कुठी हायेस?" असं त्याने खुर्चीत बसता बसताच सुनावलं.

"तुले नगरपंचायतीत उभं राहाचं हाये ना?" हेमराज शांतपणे म्हणाला. "समितीच्या बाया मत देतीन काय तुले? दारूवालीचा काका म्हनून?"

देवाजीने पाय खाली घेतले. पंख्याकडे पाहिलं. "पन पोरीच्या जातीनं एवढ्या दूर जाऊ नये, हेही खरं हाये," तो म्हणाला. याला एक पेला पाणी पिण्याइतकाही वेळ लागला नाही.

पोचूमामांना या वादात रस नव्हता. त्यांचं लक्ष पुनमने टेबलावर आणून ठेवलेल्या जगकडे होतं.

"भांडता काऊन? पह्यले माल तं पाहू," ते म्हणाले. "फ्रान्स असो का फुकटनगर, दारूले एकच परीक्षा. ज्योत्स्नाबाई, चूल पेटून हाये का?"

मटणासाठी मागच्या अंगणात चूल पेटलेलीच होती. सगळे तिकडे गेले. मोहाची दारू चांगली आहे की नाही हे पोचूमामा पिऊन ठरवत नसत. तो नंतरचा भाग. आधी थोडी विस्तवावर टाकायची. भपकन जाळ झाला तर पहिल्या धारेची. निळसर, लाजत लाजत पेटली तर दुसऱ्या. तीस वर्षांत या परीक्षेने त्यांना एकदाही फसवलं नव्हतं.

"मामा, हे तशी नाई राह्यत," पुनम म्हणाली. "याच्यात बारा-तेरा टक्केच..."

"तू थांब," पोचूमामांनी कडची बुडवली आणि चुलीतल्या निखाऱ्यांवर ओतली.

चुर्र झालं. राख उडाली आणि दोन निखारे विझले.

तिघेही वाकून पाहत राहिले. पोचूमामांनी पुन्हा एक कडची टाकली. आणखी तीन निखारे विझले, आणि मटणाची उकळी बसली म्हणून ज्योत्स्ना करवादली. मग मामांनी बोट बुडवलं, त्याला काडी लावली आणि बोट पोळून घेतलं. बोट पेटलं नाही.

"पानी मारलं हाये," ते गंभीरपणे म्हणाले. "निर्लज्जासारखं मारलं. आमच्याकडं असं केलं तं गावात तोंड दाखवता येत नाई."

त्यांनी कडचीत उरलेला घोट तोंडात घेतला, गालात फिरवला आणि थुंकला. "आंबट हाये. आल्याचा वास येते. हे दारूच नोहे, हेमराज. सरबत हाये. नासलेलं."

पुनमला राग आला तो असा की डोळ्यात पाणी आलं. तिने बाटली उघडल्या उघडल्या एक घोट चाखला होता. अंगाने हलकी, आंबूस, पण मागे भिजलेल्या मातीचा आणि सुक्या पानांचा वास रेंगाळणारी. थोर दारू नव्हतीच ती. त्या साली बोर्दोत फुलोऱ्यात पाऊस लागला, मग गारा पडल्या, आणि तोडणीच्या वेळी द्राक्षं वेलीवर कुजली. तरी त्या लोकांनी जे वाचलं त्यातून ही केली होती. हे सगळं तिला घरच्यांना सांगायचं होतं. त्यासाठीच तिने ही बाटली इथवर आणली होती, आणि ती चुलीत गेली होती.

तेवढ्यात हेमराजचा चेहरा उजळला.

"म्हनजे सरबत," तो म्हणाला. "मामा, तुमी पक्कं सांगता?"

"लिहून देतो."

"मंग प्रश्नच मिटला." हेमराज पुनमजवळ आला, आणि आज पहिल्यांदा त्याचा आवाज बापासारखा झाला. "आईक, बेटा. पोचूमामा म्हनतेत हे दारू नाई. दारूबंदीवाल्याची नात दारू शिकाले चालली, असं होतच नाई मंग. फळाचं सरबत शिकाले चालली. फूड प्रोसेसिंगच हाये ते. बाबूजीले हेच सांग, कार्यक्रमात कोनी इचारलं तं हेच सांग. आताच कपाट उघडतो."

त्याने करदोड्याची गाठ सोडायला घेतली. देवाजीने पुन्हा बाजू बदलली. सरबताला त्याची काही हरकत नव्हती.

पुनम पाहत राहिली. हो म्हटलं की आठ दिवसांत विमान. फार खोटं बोलायचंही नव्हतं, नुसतं खरं सांगायचं नव्हतं. या घरात तर सगळ्यांना ते येतच होतं. तिने आईकडे पाहिलं. ज्योत्स्ना विझलेले निखारे फुंकत होती, डोळ्यांत धूर गेल्यासारखी.

"मले चालते," पुनम म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिला स्वतःची किळस आली.

*

दादाजी दारात उभे होते. इस्त्रीचं धोतर नेसलेले, अंगात अजून बंडी. मागच्या अंगणातलं बोलणं खिडकीतून ऐकू येतं, हे त्यांच्या मुलांना पन्नास वर्षांत सुचलं नव्हतं.

"काय चालते व तुले?" त्यांनी विचारलं.

हेमराज पुढे झाला. "बाबूजी, सरबत हाये फ्रान्सचं. मामानं परीक्षा केली."

"मी पोरीले इचारलं."

पुनमने जग खाली ठेवला. "आबाजी, हे दारू हाये," ती म्हणाली. "पक्की दारू. थोडी कमी जालीम, पण दारूच. मी तेच शिकाले चालली. तीन वर्षांपासून तेच करून राह्यली."

हेमराजचा हात करदोड्यावर थांबला. पोचूमामांनी पोळलेलं बोट तोंडात घातलं.

दादाजी बाजेवर बसले. त्यांनी रिकामी बाटली मागवली आणि चष्मा लावून कागद वाचायचा प्रयत्न केला. फ्रेंच अक्षरांतून त्यांना वाचता आला तो फक्त आकडा.

"तेरा," ते म्हणाले. "दोन हजार तेरा. तेरा सालाचं आपलं काय झालतं, देवाजी?"

"लोंब्यायले उभ्याच कोंब फुटले होते, बाबूजी."

"हं. पाऊस हटतच नव्हता. तिथी काय झालतं?"

पुनमने सांगितलं. पाऊस, गारा, कूज. माणसांनी घड न घड हातात घेऊन सडका दाणा वेगळा केला, अर्ध्याहून जास्त माल फेकून दिला, आणि उरलेल्यातून थोडीशी केली. लोक आजही त्या सालाला नाव ठेवतात, असंही तिने सांगितलं.

"मंग साल काऊन लिहिलं?" दादाजींना खरंच नवल वाटलं. "चौदा लिहाचं. कोनाले समजते?"

"असं नाई करत, आबाजी. ज्या सालाची हाये तेच साल लिहावं लागते. वाईट असलं तरी."

दादाजींनी हेमराजकडे पाहिलं. तेरा सालचा काळा पडलेला तांदूळ चौदाच्या चांगल्या तांदळात मिसळून राईस मिलमधून 'नवा माल' म्हणून बाहेर गेला होता. त्यावरून बापलेक वर्षभर बोलत नव्हते. हेमराजने मान फिरवून मटणाच्या भांड्यात पाहिलं.

"त्याईच्यापेक्षा आपन हुशार," दादाजी म्हणाले.

मग त्यांनी जग नाकाजवळ नेला, वास घेतला आणि तोंड कडू केलं. त्यांचा धाकटा भाऊ चाळिशीच्या आत मोहाच्या दारूने गेला होता. त्याचं प्रेत उचलताना आलेला वास त्यांना अजून आठवे, आणि दारू म्हटलं की ती कोणत्याही देशाची असो, त्यांना तोच वास येई.

"हे वाईटच हाये, पोरी," ते म्हणाले. "तू हे शिकू नये असं माह्यं मत हाये, आनी मरेपर्यंत तेच राहीन. तू तिथी गेली तं फोन करून सांगीन, रोज."

"करा, आबाजी," पुनम म्हणाली.

"पन माह्या घरात दारू लपून राह्यली तं मले ते आनखी वाईट वाटते. हेमराज, तिचा कागद दे तिले."

हेमराजने करदोड्याची चावी सोडली आणि तो कपाटाकडे गेला. कपाट उघडल्याचा आवाज आला. मग कपड्यांच्या घड्या पडल्याचा. मग तो दारात आला तेव्हा त्याच्या कपाळाला घाम होता.

"नाई तिथी."

"नाई राहाचा," ज्योत्स्ना चुलीपासून म्हणाली. तिने पदराला हात पुसले. "काल रात्री तुमी आडवे झाले तेव्हा चावी काढली, पासपोर्ट घेतला आनी चावी परत बांधली. वाटलं, आज स्वतःच्या हातानं देतीन. नाई देला तं तिच्या संध्याकाळच्या गाडीच्या वेळेला मीच देनार होती."

"कुठी हाये?"

"पडवीतल्या ढोलीत," ती म्हणाली, आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा सासऱ्यासमोर आवाज न उतरवता म्हणाली, "तुमच्या बाटलीजवळ."

हेमराज ढोलीकडे गेला. रिकाम्या ढोलीत पोटापर्यंत वाकलेला माणूस मागून फारसा रुबाबदार दिसत नाही. तो पासपोर्ट घेऊन आला, त्याला धानाचा भुसा लागला होता. तो भुसा त्याने स्वतःच्या शर्टाने पुसला आणि पुनमच्या हातात दिला. बाटली काही त्याने बाहेर आणली नाही.

"मले ढोलीचं ठाऊक होतं," दादाजी उठता उठता म्हणाले. "सदरा आना माहा. आनी ते चिठ्ठी."

चिठ्ठी त्यांनी वाचली. 'फूड प्रोसेसिंग'वर आडवी रेघ मारली आणि पेन पुनमला दिला.

"जे हाये ते लिही. मोठ्या अक्षरात, गुरुजीचा चष्मा जुना झाला."

*

समाजमंदिर भरलं होतं. पुढे समितीच्या बाया हिरव्या पातळांत, मागे त्यांचे नवरे, आणि त्यांच्यामागे दाराजवळ निसटायच्या बेतातले. शाल झाली, श्रीफळ झालं. दोन पुढाऱ्यांनी दादाजींच्या पायपिटीवर असं भाषण केलं की तेही सोबत चालले होते असं वाटावं. देवाजी पहिल्या रांगेत बसला होता. चिठ्ठीचं कळल्यापासून त्याने दोनदा उठायचा प्रयत्न केला होता, पण त्याच्या दोन्ही बाजूंना समितीच्या बाया होत्या.

पुनम आईशेजारी बसली होती. पासपोर्ट पर्समध्ये होता आणि पर्स दोन्ही हातांनी धरलेली होती.

पत्रू गुरुजींनी माइक सावरला. "आता सत्कारमूर्तींच्या कुटुंबाचा परिचय," ते आपल्या गोड आवाजात म्हणाले. "मुलगा श्री. हेमराज, राईस मिल. मुलगा श्री. देवाजी, समाजसेवा. नात कुमारी पुनम, ही लवकरच फ्रान्स येथे दा..."

गुरुजी थांबले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. कागद जवळ धरला, लांब धरला. माइक घूं घूं करत राहिला. दाराजवळचे पुरुष निसटायचे थांबले. गुरुजींनी व्यासपीठावर खुर्चीत बसलेल्या दादाजींकडे केविलवाण्या नजरेने पाहिलं, की आजोबा, काहीतरी चूक झाली असेल तर सांगा.

दादाजींनी खांद्यावरची शाल सारखी केली.

"वाचा, गुरुजी," ते म्हणाले. "अक्षर तं चांगलं हाये पोरीचं."